कुणाकडून खेळायचं

"या परकार, बसा. पोरगं कुठं हाय?"

मुनाफ परकार हॉटेलच्या लॉबीत दोन पावलं आत येऊन तसाच उभा राहिला. भारताच्या युवा फुटबॉल संघाचा एक निवडकर्ता दोह्यात आला आहे आणि काशिफला भेटायचं म्हणतो आहे, एवढंच त्याला फोनवर कळलं होतं. अल खोरहून गाडी चालवत येताना तो वाटभर मनाशी इंग्रजी वाक्यं जुळवत होता. आणि समोर सोफ्यावर एक पांढऱ्या मिशांचा, पोट सुटलेला माणूस बसून थेट कोल्हापुरी बोलत होता.

माणसाचं नाव बाजीराव खराडे. तरुणपणी कोल्हापूरच्या एका तालमीच्या फुटबॉल संघाकडून खेळलेला, मग रेल्वेत नोकरी, आणि आता मुलं हेरून आणायचं काम. आखातात राहणारी भारतीय मुलं पाहत तो आठवडाभर हिंडत होता. काशिफचा फोटो त्याने दोह्याच्या एका इंग्रजी पेपरात पाहिला होता आणि आदल्या दिवशी अल खोरच्या मैदानावर कुणाला न सांगता त्याचा खेळही बघून घेतला होता.

"डाव्या पायाचं पोरगं हाय," तो म्हणाला. "असं आपल्याकडं औषधालासुद्धा मिळत न्हाई. मला द्या ते."

गाडीपाशी थांबलेला काशिफ आत आला तेव्हा दोघं चहा पीत होते आणि मुनाफच्या चेहऱ्यावर असं हसू होतं की मुलाने क्षणभर बापाकडे पाहतच राहावं.

मुनाफ खेड तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावचा. रास लफानच्या गॅस प्रकल्पात स्टोअरकीपर. पहाटे कंपनीची बस, दिवसभर व्हॉल्व्ह आणि गॅस्केटांच्या मांडण्या, संध्याकाळी पुन्हा तीच बस. फुटबॉलशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. शुक्रवारी कोकणातल्या पोरांबरोबर टेनिस बॉलचं क्रिकेट, हा त्याचा खेळ. वीसेक वर्षं कतारमध्ये काढल्यावर त्याच्या मनात एक बोच राहून गेली होती. सुट्टीवर गावी गेलं की लोक विचारत, कधी आलास? आणि उत्तर ऐकायच्या आधीच, कधी जाणार? इथे तो व्हिसावर होता आणि तिथे सुट्टीवर.

त्याची बायको सुरय्या केपटाउनची. तिचा पणजोबा खेडच्याच बाजूचा, बोटीवर कामाला लागून आफ्रिकेत उतरलेला. घरात चार पिढ्या कोकणी मराठी टिकली होती, आणि तीही अशी जुनी की मुनाफला तिच्या तोंडून आपल्या आजीचे शब्द ऐकू येत. नात्यातूनच लग्न जमलं. काशिफ दोह्यात जन्मला. बापाकडून तो भारतीय, आईकडून दक्षिण आफ्रिकी. दोन्ही पासपोर्ट सुरय्याच्या कपाटात एकावर एक पडलेले असत. अठरा पूर्ण होईपर्यंत दोन्ही चालणार होते. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत त्याने दक्षिण आफ्रिकेचं नागरिकत्व सोडलं नाही, तर भारताचं आपोआप जाणार होतं.

२००६ च्या त्या हिवाळ्यापर्यंत घरात कुणी या गोष्टीचा विचार केलेला नव्हता. काशिफ सतरा वर्षांचा होता आणि अल खोरच्या क्लबच्या युवा संघात डाव्या कडेने पळत होता. दक्षिण आफ्रिकेचा एक प्रशिक्षक काही कामाने आखातात आला असताना त्याने काशिफला पाहिलं, आई कुठली ते विचारलं, आणि महिन्याभरात त्यांच्या युवा संघाच्या व्यवस्थापक बाईंचे सुरय्याला फोन सुरू झाले. त्या फोनवर आधी केपटाउनच्या हवेबद्दल बोलत, मग फुटबॉलबद्दल. जोहान्सबर्गच्या शिबिराचं आमंत्रण आलं. काशिफच्या आजीने तर केपटाउनमधल्या अख्ख्या गल्लीला सांगून टाकलं.

इकडे क्लबचा व्यवस्थापक जाफर, हा सुदानी गृहस्थ, मुनाफला गाठून म्हणत होता की घाई करू नका. मुलगा इथे जन्मलाय, इथे वाढलाय. आणखी काही वर्षं खेळू दे, इथल्याही नागरिकत्वाच्या कागदांचा रस्ता निघेल, इन्शाल्ला. नियम मात्र त्याने नीट समजावला. एकदा एका देशासाठी अधिकृत सामना खेळला, की नंतर नव्याने मिळवलेल्या नागरिकत्वावर दुसरा देश घेता येत नाही. जन्मापासून हातात असलेल्या दुसऱ्या नागरिकत्वावर तेवढी एकदा उडी मारता येते, तीही एकविसाच्या आत. म्हणून दोन्ही पासपोर्ट जपा, असं तो पुन्हा पुन्हा सांगायचा.

लग्नाच्या मुलीला स्थळं यावीत तसे तीन देश दाराशी आले होते, आणि मुनाफला पहिल्यांदाच कंपनीच्या बसमध्ये लोक जागा करून देऊ लागले होते.

दोन्ही शिबिरं एकाच वेळी आली. एक जोहान्सबर्गला, एक गोव्याला. शुक्रवारी जेवायला बसल्यावर मुनाफने विषय काढला. सुरय्याचं म्हणणं साधं होतं. तिकडे खेळ मोठा आहे, आजी आहे, खेळ नाही जमला तरी तिकडच्या विद्यापीठात शिकता येईल. मुनाफकडे एवढी कारणं नव्हती. आपलं आहे ते आपलं आहे, एवढंच तो वेगवेगळ्या शब्दांत सांगत राहिला. शेवटी दोघांनी मुलाकडे पाहिलं.

"आय जस्ट वॉन्ट टु प्ले, अब्बा," काशिफ ताटातून मान वर न करता म्हणाला. "तुम्ही ठरवा ना."

मुनाफने गोव्याचं ठरवलं.

गोव्याहून फोन यायचे ते बरे असायचे. घाम खूप येतो, मैदान जड आहे, खराडे सर रोज सकाळी स्वतः केळी आणून देतात. शिबिरातली मुलं त्याला नावाने हाक मारत नसत. 'ए कतार, पास दे' म्हणत. मुनाफला हे ऐकून हसू आलं. सुरय्या हसली नाही. तिने फक्त विचारलं, तू काय म्हणतोस त्यांना? काशिफ म्हणाला, नथिंग, पास देतो.

पात्रता फेरीचे सामने पुढच्या वर्षी आखातातच, शेजारच्या देशात झाले. मुनाफला रजा मिळाली नाही. शेवटच्या सामन्याच्या दुपारी तो स्टोअरच्या मागच्या दाराशी, जिथे मोबाइलला रेंज यायची तिथे, उन्हात उभा राहिला. पहिले दोन सामने काशिफ बाकावरच होता. शेवटच्या सामन्यात, संघ हरल्यातच जमा असताना, त्याला उतरवलं. फोन आला तेव्हा तो धापा टाकत होता. एक क्रॉस चांगला पडला, पण कुणी पोचलं नाही, असं त्याने सांगितलं. मग खराडेने फोन घेतला आणि म्हणाला, "परकार, पोरगं आता आपलं झालं बघा." मुनाफने त्या संध्याकाळी बसमधल्या सगळ्यांना पेढे वाटले.

काशिफला अठरा पूर्ण झाली, त्याच आठवड्यात खराडेचा फोन आला. वयाचा पुढचा गट आहे, यादी नव्याने करतोय, पासपोर्टचं तेवढं मिटवून टाका म्हणजे कुणी शंका काढायला नको. माणूस मनापासून बोलत होता, यात मुनाफला तेव्हाही शंका नव्हती आणि पुढेही कधी आली नाही.

सुरय्या म्हणाली, सहा महिने आहेत ना, पाच महिने थांबू. यादीत नाव येऊ दे, मग करू. जाफरनेही तेच सांगितलं. मुनाफला ते थांबणं म्हणजे दोन दगडांवर पाय ठेवल्यासारखं वाटलं. ज्यांनी मुलाला केळी खाऊ घातली त्यांच्याशी असा हिशेबीपणा करायचा त्याला संकोच वाटला. पंधरा दिवसांच्या आत त्याने रजा टाकली आणि काशिफला घेऊन तो दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीत गेला. सुरय्याने कपाटातून पासपोर्ट काढून दिला, पण ती सोबत आली नाही.

वकिलातीतल्या अधिकाऱ्याने सगळं वाचून पाहिलं आणि मुनाफला बाहेर थांबायला सांगितलं. काचेच्या दारातून त्याला दिसत होतं, तो माणूस काशिफला काहीतरी विचारतो आहे, पुन्हा विचारतो आहे, आणि काशिफ दर वेळी मान हलवतो आहे. बाहेर आल्यावर मुलगा एवढंच म्हणाला, "डन, अब्बा. यल्ला, चला." घरी येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, नुसती वाळू आणि विजेचे खांब.

मग वाट पाहणं सुरू झालं.

यादी उन्हाळ्यात येणार होती. उन्हाळा गेला. मुनाफ खराडेला फोन करी, तो म्हणे पुढच्या आठवड्यात. मग तो फोन उचलेनासा झाला. काही दिवसांनी त्याने आपण होऊन फोन केला तो सांगायला, की युवा संघाला नवा प्रशिक्षक आलाय, निवडीची माणसं बदललीत, आणि आपण आता घरी कोल्हापूरला आहोत.

"परकार, माझ्या हातात आता काय ऱ्हायलं न्हाई," तो म्हणाला. "त्येंनी काय वाईट केलं असंबी न्हाई. नव्या माणसाला रोज डोळ्यासमोर खेळणारी पोरं पायजेत. तुमचं पोरगं लांब पडतं."

मुनाफने तरी सोडलं नाही. जेवणाच्या सुट्टीत तो दिल्लीला फोन लावी. एक जण दुसऱ्याकडे देई, दुसरा म्हणे उद्या करा. कुणी उद्धट बोलत नसे, आणि त्याचाच त्याला जास्त संताप येई. भांडायला कुणीतरी समोर तर पाहिजे. एकदा हिंदीत कुणी विचारलं, लड़का अभी कहाँ खेलता है? त्याने सांगितलं कतार. समोरचा म्हणाला, अच्छा, तो वो बाहर का है. मुनाफने फोन ठेवला आणि हातातला व्हॉल्व्ह मांडणीवर इतक्या जोरात आदळला की शेजारचा नेपाळी मदतनीस दचकून दोन पावलं मागे सरला. मुनाफला शरम वाटली. त्याने व्हॉल्व्ह उचलून फडक्याने पुसला आणि जागेवर ठेवला.

सुरय्याने न राहवून जोहान्सबर्गच्या बाईंना फोन लावला. बाईंना काशिफ आठवत होता. त्या खूश झाल्या. अजून एकविसाच्या आत आहे, नियमात बसतं, बघू या म्हणाल्या, आणि पुढे होऊन त्यांनी पासपोर्टचा नंबर विचारला. तो पासपोर्ट परत केलाय, एवढं सांगून सुरय्याने आभार मानले.

जाफरकडे जायची मुनाफची हिंमतच होत नव्हती. गेला तेव्हा जाफरने आधी चहा मागवला. मुलगा भारतासाठी खेळून चुकला होता, आता इथले कागद उद्या मिळाले तरी उपयोग नव्हता. क्लबच्या मोठ्या संघात बाहेरच्यांच्या जागा मोजक्या, आणि त्या ब्राझीलहून येणाऱ्यांनी भरलेल्या. जाफर हे सगळं खाली बघून बोलला. मी सांगितलं होतं, असं त्याने एकदाही म्हटलं नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर मुनाफ सगळ्यांवर तोंडसुख घेत सुटला. दिल्लीवाले, नवा प्रशिक्षक, खराडे, नियम करणारे, कुणालाच त्याने सोडलं नाही. सुरय्या कपडे घड्या करत ऐकत होती. तो थांबला तेव्हा ती शांतपणे बोलली.

"तुमी त्याला खेलाया नाय पाठवलात. तुमाला सोताला घरी जायाचा होता. म्हणून पोऱ्याला पाठवलात."

आत काशिफच्या खोलीचं दार उघडं होतं, आणि त्याने ते ऐकलं असणार, हे दोघांनाही कळलं. पण तो बाहेर आला नाही, आणि पुढेही त्याने बापाला कधी बोल लावला नाही. त्याने बोल लावला असता तर बरं, असं मुनाफला कितीदा वाटलं.

२००९ साली काशिफ अल दुहैलच्या एका शाळेत खेळाच्या शिक्षकाचा मदतनीस म्हणून लागला. लहान मुलांना रांगेत उभं करायचं, चेंडूंमध्ये हवा भरायची, बुटांच्या नाड्या बांधून द्यायच्या. गुरुवारी संध्याकाळी घरी येऊन तो मुलांच्या गमती सांगे आणि आईला हसवे. खेळाबद्दल तो क्वचितच बोलत असे.

त्या हिवाळ्यातल्या एका शुक्रवारी मुनाफ त्याला गाडीतून अल खोरच्या समुद्राकडे घेऊन निघाला होता. मासे घ्यायचे होते. वाटेत मोकळ्या मैदानावर कंपन्यांच्या कामगारांचा सामना चालू व्हायच्या बेतात होता. एका बाजूला फिलिपिनो, दुसऱ्या बाजूला सगळी भेसळ, क्रेनवाले सुदानी, दोन नेपाळी, एक इजिप्तचा वेल्डर. या दुसऱ्या संघात एक माणूस कमी पडत होता. गाडी पाहून त्यांच्यातला एक धावत आला आणि खिडकीतून अरबीत काशिफला विचारू लागला. काशिफने बापाकडे पाहिलं.

"मासळी कुठं पळून जात नाय," मुनाफ म्हणाला. "जा."

त्याने बनियनवर कुणाचा तरी पिवळा शर्ट चढवला आणि बुटांशिवायच उतरला. मुनाफ गाडीला टेकून उभा राहिला. थोड्या वेळाने शेजारी एक केरळी फोरमन येऊन थांबला. डाव्या कडेने जाणाऱ्या त्या पोराकडे तो जरा वेळ टक लावून बघत राहिला, आणि मग त्याने हिंदीत विचारलं, ये लड़का कौन से मुल्क का है?

मुनाफने तोंड उघडलं. मग तो वाळूत उडणाऱ्या धुळीकडे बघत म्हणाला, "मेरा है."

फोरमनने मान डोलावली. काशिफने कडेने चेंडू उचलून मध्ये टाकला होता. सुदानी उडी मारून चुकला, चेंडू पलीकडे निघून गेला. काशिफ हसला, दोन्ही हात कमरेवर ठेवून क्षणभर उभा राहिला, आणि अनवाणीच आपल्या जागेवर परत पळत गेला.