पाटी तिथेच राहिली, मी चालत गेले

मी एक जुनी केळ आहे. किती जुनी, ते मात्र बुंध्याकडे बघून ठरवू नका, मित्रांनो. हा बुंधा जेमतेम गेल्या वर्षीचा. एक घड दिला की आमचा बुंधा संपतो. पण त्याआधीच त्याच्या कुशीला एक पिल्लू उभं राहिलेलं असतं. माळी त्याला मुनवा म्हणतात. त्या मुनव्यात मीच असते, जशीच्या तशी. मीच माझी आई आणि मीच माझी लेक! ऐकायला गंमत वाटते, पण आमचं सगळं दुखणं यातच आहे.

फार पूर्वी रानात केळींची दोन घराणी होती. एक सडपातळ, गोड गराचं. दुसरं दणकट, कमी पाण्यात तग धरणारं. दोघींच्या फळांत काळ्या टणक बिया ठासून भरलेल्या, गर आपला नावाला. कुणीतरी एकीचे मुनवे काखोटीला मारून दुसरीच्या शेजारी नेऊन लावले. वटवाघळांनी फुलाफुलांतून ये-जा केली आणि मिश्र वाणाची लेकरं जन्मली. माझ्या वाट्याला दणकट घराण्याचे दोन हिस्से आले, गोड घराण्याचा एक. अशा विषम वाटणीत बी काही धरेना. माणसांना तर तेच हवं होतं! त्यांनी आमचे मुनवे हातोहात नेले. आम्ही देशोदेशी गेलो त्या अशा, माणसांच्या हातांवर.

मी राहते ती बाग बाजारासाठी नाही. इथे नाना जातींच्या केळी नुसत्या जपून ठेवल्या आहेत. प्रत्येकीशेजारी पत्र्याची पाटी. त्या पाट्या आमच्या माळीदादांनी रंगवल्या; अक्षर असं, की उभं राहून बघावं. आता केळ दिसते एका जागी, पण असते चालती. दरवर्षी मुनवा वीतभर बाजूला फुटतो आणि आम्ही तेवढ्या सरकतो. दादांना ते पक्कं ठाऊक. घड उतरला की ते पाटी उपटून नव्या मुनव्यापाशी रोवायचे आणि म्हणायचे, "चला बाई, हललं तुमचं बिऱ्हाड!"

पुढे दादा गेले. त्यांच्या जागी त्यांची बायको कामाला लागली. तिला सगळे मावशी म्हणतात. तिने पाणी चुकवलं नाही, की वाळकं पान राहू दिलं नाही. पाट्यांना मात्र ती हात लावेना. फडक्याने पुसायची, आणि कुणी जवळ आलं की म्हणायची, "त्यांच्या हातच्या आहेत. राहू देत जिथल्या तिथे."

अशी नऊ वर्षं गेली. मी चालतच होते. मधल्या एका कोरड्या उन्हाळ्यात माझी शेजारीण कायमची वाळली, आणि वीत वीत करत मी बरोबर तिच्या पाटीखाली येऊन ठेपले. माझ्या पाटीपाशी उरलं नुसतं गवत. बागेच्या यादीत माझ्या नावापुढे लिहिलं गेलं, 'मेली'.

त्याच सुमारास वाईट बातमी आली. बाहेरच्या मळ्यांतून मैलोन्‌मैल एकाच जातीची केळ. मातीतून रोग शिरला, आणि एकीला जे सोसेना ते कुणालाच सोसेना. सगळ्या एकीच्याच प्रती ना! रोगापुढे कोण टिकतं ते बघायला बागेतल्या जाती एकेक करून तपासायच्या ठरल्या. त्यासाठी जागा हवी होती. बागेच्या मॅडम यादी घेऊन आल्या.

"मावशी, ही जात तीनदा आहे. ही कडेची काढून टाका."

कडेची म्हणजे मी, शेजारणीच्या पाटीखालची. माझी जात आणखी कुठेच नव्हती.

मावशीने पहार घातली. दोन मुनवे तुटले. तिसऱ्याला तिने हाताने बाजूला सारलं आणि तिचं बोट माझ्या पानाच्या देठावर थांबलं.

"मॅडम, ही ती नाही."

"पाटी बघा की."

"पाटी बघितली. हिच्या देठाची पन्हळ बघा, मिटलेली आहे. त्या जातीची उघडी असते."

"मावशी, पाटी तुमच्याच यजमानांनी लावली ना? मग चुकले का ते?"

मावशीची पहार हातातच होती. अजून एक घाव, आणि मी संपले असते. तिच्या माणसाचा शब्दही खरा राहिला असता.

"ते नाही चुकले," ती शेवटी म्हणाली. "मी चुकले. ते दरसाल पाटी हलवायचे. मी नाही हलवली. मला वाटलं, हलवली की ते... जाऊ दे. केळ चालत राहिली आणि मी थांबले."

मॅडमनी माझं एक केळं तोडून उभं चिरलं. आतल्या बारीक ठिपक्यांच्या ओळी त्या वाकून मोजत बसल्या; त्यांवरूनही आमचं घराणं कळतं. मग यादी चाळून त्यांनी 'मेली'वर बोट ठेवलं. "मावशी, ही तर कागदोपत्री वारलीये!"

"आणि इथे उभी राहून पोरं वाढवतेय," मावशी म्हणाली. "बायकांचं असंच असतं."

दोघी हसल्या. मग मावशीने गवतातली पाटी दोन्ही हातांनी उपटली, पदराने माती पुसली आणि माझ्यापाशी रोवली. पुटपुटली, "चला बाई, हललं तुमचं बिऱ्हाड."

मित्रांनो, मी त्या रोगापुढे टिकेन का, ते मला ठाऊक नाही. तपासणी अजून चालू आहे. पण मी नसतेच, तर कुणाला तपासणार होतात? केळं खाताना मध्ये बारीक काळे ठिपके दिसले, तर क्षणभर थांबा. त्या आमच्या न झालेल्या बिया आहेत. वाऱ्यावर सोडायला आमच्याकडे लेकरं नाहीत. आमचे मुनवे तुमच्या हातांनीच पुढे जातात. म्हणून बाजारात मिळते तेवढीच नको, परसातली, बांधावरची, नाव विसरलेली केळही राहू द्या.

माझा घड आता भरत आला आहे. तो उतरला की हा बुंधा जाईल. जाऊ दे. वीतभर पलीकडे ती बघा, पहारीतून वाचलेली, दोन पानांची झाली आहे. तेवढी पाटी तिच्याकडे सरकवा.