एकाच बाजूने ओढलेला वेत

आमच्या भाऊजींना येत नाही अशी गोष्ट जगात नाही, आणि त्यांनी हात लावल्यावर सुधारली अशीही एखादी मला आठवत नाही. बाथरूममधला नळ त्यांनी दुरुस्त केला, तेव्हापासून तो उलट्या दिशेने उघडतो. पंख्याला तेल दिलं, तेव्हापासून पंखा फक्त सर्वांत मोठ्या वेगावर फिरतो किंवा फिरतच नाही. त्यांच्या पाठीमागे मी त्यांना 'सर्वज्ञ' म्हणते. आई म्हणते, "असं बोलू नये," आणि तोंडाला पदर लावून हसते.

त्यांनी वेताच्या खुर्च्यांना हात घातला तो एका रविवारी, आणि तोही आधी हाताने नव्हे. ते आणि ताई आमच्याकडे आले होते. भाऊजी बोलण्याच्या भरात फाटक्या वेताच्या खुर्चीवर बसले आणि सरळ आत गेले. गुडघे छातीशी, पाय हवेत, आणि तरीही व्याजदरांबद्दलचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं. मी आणि ताईने त्यांना दोन बाजूंनी ओढून काढलं. उभे राहून त्यांनी पँट झटकली आणि जाहीर केलं, "या खुर्च्या मी विणतो. घरच्या घरी."

खुर्च्या चार. जेवणाच्या टेबलाभोवतीच्या, हलक्या लाकडाच्या, बैठकीच्या चौकटीला भोकं पाडून हाताने विणलेल्या. तिन्हींचा वेत फाटला होता, चौथीचा शाबूत होता. त्या चौथीवर बसून आई काम करायची. ती छापखान्यासाठी मुद्रितं तपासते. सकाळी कागदांचा गठ्ठा उघडते, खिडकीकडे तोंड करून बसते आणि लाल पेन्सिलीने दुसऱ्यांच्या चुका खुणावते. मऊ गादीवर बसलं की तिची कंबर धरते, वेतावर धरत नाही. बाकी तिला काही लागत नाही: ती खुर्ची, ती खिडकी आणि बोलून डोकं न उठवणारं माणूस. तिसऱ्या अटीत मी अधूनमधून नापास होते.

"छान होईल," ताई म्हणाली. "मग त्या आमच्याकडेच नेऊ. आमच्या टेबलाला शोभतील. आईलाही नेऊ."

कढईबरोबर झाकण न्यावं तसं ती बोलली.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे काय म्हणजे? एकटी काय करणार ती इथे?"

"एकटी कुठे? मी आहे ना."

"आज आहेस. उद्या जाशील कुठल्यातरी प्रयोगशाळेत बेडूक कापायला."

"मी भौतिकशास्त्र केलंय, ताई."

"तेच ते."

भाऊजींनी आवाजात साय आणली. "आई, वरची खोली तुमचीच. सकाळी कामवाल्या बाई येतात, दुपारी पार्सलवाला येतो, गॅसवाला येतो. घरात कोणी जबाबदार माणूस असलं की आम्हीही निर्धास्त."

त्यांना पहारेकरी हवा होता, आणि तो घरातलाच निघाला तर उत्तमच. ती वरची खोली मी पाहिली आहे. तिची खिडकी शेजारच्या भिंतीवर उघडते, भर दुपारीही दिवा लावावा लागतो. तिथे बसून बारीक अक्षर वाचायचं म्हणजे डोळे आणि धंदा दोन्ही गमवायचे.

आई म्हणाली, "बघू."

आईचं 'बघू' म्हणजे नाही. मला हे लहानपणापासून ठाऊक आहे. ताईलाही ठाऊक असायला हवं, पण लग्नानंतर ती सोयीची भाषा बोलते. भाऊजींनी त्याचा अर्थ 'हो' असा लावला आणि ठरवूनही टाकलं: खुर्च्या तयार झाल्या की टेंपो सांगायचा.

ते गेल्यावर मी आईला म्हटलं, "सरळ नाही म्हण ना."

"अगं, जावई आहेत. तोंडावर नाही कसं म्हणायचं?"

"मग पाठीवर म्हण."

"गप बस."

दिवसभर लोकांच्या चुका लाल करणारी ही बाई घरात कोणाचा साधा काना चुकला तरी बोलत नाही. त्याला ती स्वभाव म्हणते.

पुढच्या शनिवारी भाऊजी आले ते वेताच्या पट्ट्यांचं भेंडोळं आणि कुलूप लावलेली हत्यारांची पेटी घेऊन. पेटी एवढी मोठी, की तीत एखादा सुतार सहज मावला असता. त्यांनी गुडघ्यांना पॅड बांधले. वेत विणायला गुडघे कुठे लागतात हे मी विचारणार होते, पण आईने डोळे वटारले. ताई मोबाइल घेऊन समोर बसली. पुढचे दोन दिवस ती त्यांचं चित्रण करत होती.

जुना वेत कापून काढला, नव्या पट्ट्या आमच्या धुण्याच्या बादलीत भिजत घातल्या. इथपर्यंत सगळं बरोबर होतं, कारण इथपर्यंत काम पाण्याचं होतं. मग त्यांनी उभ्या पट्ट्या ओवल्या, मग आडव्या, आणि प्रत्येक पट्टी चौकटीला पाय लावून ओढायला लागले. कपाळावरची शीर तटतटली.

"टणक पाहिजे," ते म्हणाले. "बोटाने मारलं की वाजली पाहिजे."

मी फाटक्या वेताचा एक तुकडा आदल्या दिवशी भिजवून, खुणा करून, वाळवून पाहिला होता. वाळल्यावर खुणा जवळ आल्या होत्या. फार नाही, पण पट्टीवर दिसण्याइतक्या.

"भाऊजी, ओला वेत ताणलेला असतो. वाळला की आखडतो. थोडी ढील ठेवा."

"मी लिफ्ट विकतो," ते म्हणाले. "ताण म्हणजे काय ते मला शिकवू नकोस."

ते लिफ्टच्या कंपनीत विक्री विभागात आहेत. लिफ्टचा बोल्ट त्यांनी फक्त माहितीपत्रकातल्या चित्रात पाहिला आहे.

"तिला काय कळतंय," ताई मोबाइलच्या मागून म्हणाली. "तुम्ही ओढा."

त्यांनी ओढलं. मग तिरप्या पट्ट्यांची पाळी आली. एका कोपऱ्याकडून समोरच्या कोपऱ्याकडे जाणाऱ्या पट्ट्या त्यांनी तिन्ही खुर्च्यांना विणल्या, तोवर रविवारची दुपार झाली आणि त्यांच्या बोटांना फोड आले. मग ते मागे सरकून बसले.

"झालं."

मी चौथी खुर्ची उचलून आणली आणि त्यांच्यापुढे ठेवली. "हे बघा. इथे तिरप्या पट्ट्या दोन्ही बाजूंनी आहेत. एक अशी, एक तशी."

त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, फोडांकडे पाहिलं. "दुसरी बाजू शोभेची असते. पूर्वीच्या लोकांना वेळ होता."

"पण..."

"किती कटकट करतेस गं!" ताई म्हणाली. "शिकून शिकून माणसाला दुसऱ्याचं कौतुक करता येत नाही असं होतं बघ."

टेबलाशी बसलेल्या आईची पेन्सिल थांबली. मग पेन्सिल पुन्हा चालू लागली.

संध्याकाळी भाऊजींनी ओलसर वेतावरच वॉर्निश फासलं, एकेका खुर्चीवर टिचकी मारली, आणि लिफ्टच्या दारावर पाटी लावतात तशी घोषणा केली: "दीडशे किलो. कायमस्वरूपी." पुढच्या रविवारी टेंपो येईल म्हणाले. पेटी तोवर इथेच राहू दे, टेंपोतूनच नेऊ. आईने त्यांना चहा दिला आणि "फार कष्ट घेतलेत" म्हटलं. मला तिचा रागच आला.

आठवडाभर खुर्च्या वाळत होत्या आणि कुरकुरत होत्या. आम्ही जेवायला बसलो की मधेच एखादी 'कर्र' म्हणायची. बुधवारी मी एकीवर बसले तर ती डुलली. दुसरी डुलली, तिसरीही डुलली. प्रत्येकीचे समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन पाय जमिनीवरून किंचित उचललेले, आणि ते तेच कोपरे, ज्यांच्यामध्ये तिरप्या पट्ट्या ओढलेल्या होत्या.

मला गंमत वाटायला लागली, आणि गंमत वाटायला लागली की मला दाखवल्याशिवाय राहवत नाही. गठ्ठ्याच्या पुठ्ठ्याचा चौकोन कापला, वरच्या अंगाने एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरा बांधला आणि ओढला. ते दोन कोपरे उचलले गेले, पुठ्ठा पिळला.

"बघ," मी आईला म्हटलं. "फाजील ताण, वर एकाच बाजूची ओढ."

तिने चष्मा कपाळावर सरकवून पुठ्ठ्याकडे पाहिलं. "दुसऱ्या बाजूनेही ओढलं असतं तर?"

"तर एका ओढीला दुसरी अडवते. पिळवटत नाही."

"हं." तिने चष्मा खाली घेतला. मग बऱ्याच वेळाने, वाचता वाचताच म्हणाली, "म्हणजे दुसरी बाजू शोभेची नसते."

"सांगू त्यांना?"

"नको."

तिने कपाटातल्या साड्या काढून पलंगावर ठेवायला सुरुवात केली होती. बॅग मात्र अजून माळ्यावरच होती.

रविवारी दोघं सकाळीच आले. टेंपो निघालाय, पोचेलच, असं ताईने दारातूनच सांगितलं. भाऊजी मालकाच्या ऐटीत आपल्या खुर्चीवर बसले, चहाचा कप हातात घेतला आणि मागे रेलले. खुर्ची डुलली आणि चहा त्यांच्या शर्टावर गेला.

"हे काय?"

त्यांनी पेटी उघडली. तीतून पाणसळ काढली, फरशीवर ठेवली, डोळा बारीक करून बुडबुडा पाहिला. बुडबुडा मध्यभागी होता. त्यांनी पाणसळ दुसरीकडे ठेवली. तिथेही तो मध्यभागी होता. दाराच्या कोपऱ्यात, जिथे बाथरूमच्या बाजूला उतार आहे, तिथे तो अखेर सरकला.

"फरशी वाकडी आहे," भाऊजी म्हणाले.

मी चौथी खुर्ची त्यांच्या खुर्चीच्या जागी ठेवली. ती ठाम उभी राहिली.

"ती जुनी आहे ना," ताई म्हणाली. "तिला या फरशीची सवय झालीय."

मी ताईकडे पाहतच राहिले. ही मुलगी शाळेत माझ्यापुढे दोन इयत्ता होती आणि गणितात पैकीच्या पैकी मार्क आणायची. ती हे स्वतःच्या तोंडाने म्हणाली आणि तिला काही झालं नाही.

भाऊजींना मात्र वाट सापडली. "आमच्याकडे फरशी एकदम सपाट. तिथे नेल्या की आपोआप बसतील." मग ते आईकडे वळले आणि हसले. "आईंचंही तसंच. चार दिवस डुलल्यासारखं वाटेल, मग बसतील नीट."

आईने हातातला कागद खाली ठेवला.

ती उठली. लाल पेन्सिल हातातच होती. भाऊजींच्या खुर्चीपुढे ती गुडघ्यांवर बसली, पॅड न बांधता, आणि एकेका तिरप्या पट्टीवर लाल रेघ मारत गेली. शब्द गाळायचा असला की ती मारते तशी, आखूड, शेवटी किंचित वळलेली. एकही पट्टी सुटली नाही. मग तिने स्वयंपाकघरातून कात्री आणली.

"अहो आई," भाऊजी म्हणाले. "अहो, काय करताय?"

"चूक काढतेय. माझं कामच आहे ते."

वॉर्निश लावलेला वेत सहज कापला जात नव्हता. ती दोन्ही हातांनी कात्री दाबत होती. टक्. पट्टीची दोन्ही टोकं उसळून बाजूला झाली. टक्. ताईने सवयीने मोबाइल वर केला आणि मग आपणच खाली घेतला. भाऊजी "अहो दीडशे किलो," असं काहीतरी पुटपुटले.

शेवटची पट्टी तुटली तेव्हा चौकटीतून एक लांब कुरकुर आली. आई उठली, मागे फिरली आणि सगळा भार टाकून त्या खुर्चीवर बसली. खट्. चारही पाय जमिनीला लागले. तिने पुढे-मागे झुलून पाहिलं. खुर्ची हलली नाही.

"फरशी सरळ झाली," ती म्हणाली.

मी हसू आवरण्यासाठी गाल आतून चावून धरला होता.

"जावईबापू, मी येणार नाही. मागे 'बघू' म्हणाले होते. बघून झालं."

"अगं, पण आम्ही टेंपो सांगितलाय!" ताई म्हणाली. तिला सुचलेलं हे सर्वांत मोठं कारण होतं.

"पार्सल शेजारी ठेवून जायला सांग. लोक सांगतात तसं."

"आई, तुम्ही रागावलात," भाऊजी म्हणाले. "मी दुसऱ्या बाजूनेही विणून देतो. त्यात काय एवढं?"

"आधी यावर बसून दाखवा."

ती उठून बाजूला झाली. भाऊजींनी खुर्चीकडे पाहिलं. आता तिथे फक्त त्यांच्या उभ्या-आडव्या पट्ट्या होत्या, त्यांनीच पाय लावून ओढलेल्या. त्यांनी शर्टावरचा चहाचा डाग पुसला. त्यांना बसायचं नव्हतं. आपल्या कामावर आपला किती विश्वास आहे ते त्यांना तेवढ्यात कळलं असावं, कारण ते एकदम दाराकडे वळले. तिथे टेंपोवाला येऊन उभा होता.

"काय काय न्यायचंय?" त्याने विचारलं.

"ही पेटी," आई म्हणाली.

"आणि?"

"बस, एवढीच."

टेंपोवाल्याने पेटीकडे पाहिलं, मग खाली रस्त्यावरच्या रिकाम्या टेंपोकडे पाहिलं, आणि खांदे उडवून पेटी उचलली. खाली गेल्यावर ती दोरीने बांधण्याचं काम भाऊजींनी त्याच्या हातातून काढून घेतलं. मी खिडकीतून पाहत होते. त्यांनी दोरी एका बाजूने आणली, पाय लावून ओढली, गाठ मारली आणि हात झटकले. टेंपोवाला काहीतरी सांगायला गेला. भाऊजींनी त्याला हाताने गप्प केलं.

आई आपल्या जुन्या खुर्चीवर जाऊन बसली होती. "वेत उरलाय ना? थोडा भिजत घाल," ती म्हणाली. "आणि दुपारपर्यंत माझ्याशी बोलू नकोस. तीन पानं राहिलीत."

कोपऱ्यावर टेंपो वळला. पेटी सरकत जाऊन फळीवर आदळल्याचा आवाज आमच्या मजल्यापर्यंत आला. आईने मान वर केली नाही, फक्त पान उलटलं.