बरोबरीत सुटलेला डाव

आल्हादरावांशी खेळलेला स्पर्धेतला तो डाव बरोबरीत सुटला, आणि माझं डोकं काही ताळ्यावर येईना. माझं एक प्यादं जास्त, त्यांचा राजा पार कोपऱ्यात. हत्ती नुसता प्याद्याच्या मागे नेला असता तर खेळ खल्लास होता! तेवढ्यात त्यांनी मान वर करून "ड्रॉ?" म्हटलं, आणि मी बावळटासारखा हात पुढे केला.

तेव्हापासून दर रविवारी ते माझ्या ओटीवर येतात, पट मांडतात, आणि मी कुठे जिंकू शकले असते ते आम्ही शोधतो. मी शाळेत गणित शिकवते, ते विमा कंपनीत नोकरीला. दोघंही एकटे. हत्तीची ती खेळी मला पहिल्याच रविवारी सापडली होती. सांगितली नाही. सांगितली असती तर पुढच्या रविवारी ते कशाला आले असते?

आज आले ते बदलीची बातमी घेऊन. चंद्रपूर, उद्याच निघायचं. माझा नुसता संताप झाला. कुणावर, ते कळेना, म्हणून डावावर काढला. हरत आलेल्या माणसाने ड्रॉ मागावाच कसा, असं तडकून विचारलं. तेवढ्यात वीज गेली, मागच्या गल्लीतले कापडाचे लूम खडखडायचे थांबले, आणि माझाच आवाज मला मोठा वाटायला लागला.

"मी ड्रॉ मागितलाच नव्हता, मॅडम," ते म्हणाले. "जरा थांबाल का नंतर, असं विचारलं होतं. स्पर्धेच्या हॉलच्या भिंतीलाही लागून लूमच होते. तुम्हाला पहिला शब्द तेवढा ऐकू आला असणार."

जरा. ड्रॉ. अगं बाई!

मग तेव्हाच का नाही सांगितलंत, असं मी विचारलं.

"तुम्ही हात पुढे केलात. मला तेवढंही पुष्कळ वाटलं."

मला रडू यायला लागलं. इतके रविवार आम्ही पटावर काय हुडकत बसलो होतो! ते मोहरे डब्यात भरायला लागले. मी सगळा धीर गोळा केला, आणि नेमकी तेव्हाच वीज आली. लूम खडखडायला लागले.

"जरा थांबाल?" मी म्हटलं. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा माझा आवाज घशातच राहिला.

"ड्रॉ? बरं, ड्रॉ," ते हसून म्हणाले, आणि त्यांनी हात पुढे केला.

मी तो हातात घेतला. सोडवेना.