आश्रमाच्या वाट्याचे कप

त्या वसंतात राज्याभिषेकाच्या कपांनी इंग्लंडातल्या बर्सलेम गावी कपबश्या घडवणाऱ्या आम्हा लोकांना उसंत म्हणून दिली नव्हती. आधीच्या राजाने गादी सोडली, त्याच्या तोंडवळ्याचे ठसे अडगळीत गेले आणि नव्या राजाराणीचे तांब्याचे पत्रे घाईघाईने कोरून आले. मी छपाईवाला. पत्रा तापवून त्यात निळा रंग भरायचा आणि पातळ कागदावर ठसा उतरवायचा, हे माझं काम. तो कागद फ्लॉरी टॅम्सकडे जायचा. ती तो कपाच्या गोलाव्यावर असा बसवायची की कुठे सुरकुती नाही, कानाजवळचा जोड दिसायचा नाही. ताठ ब्रशाने घासून ती कप पाण्यात बुडवायची, कागद सुटायचा आणि राजा उमटायचा. असे ढीगभर कप झाले तरी प्रत्येक चेहऱ्याकडे ती क्षणभर बघायचीच.

एप्रिल सरता सरता एक भट्टी जास्त तापली. झिलईखालचा निळा रंग पसरला आणि राजाराणी पावसात भिजल्यासारखे दिसू लागले. शाळांतल्या मुलांना वाटायचे कप आधीच रवाना झाले होते. उरली होती फक्त अनाथाश्रमाची मागणी.

मालक वॉर्डलसाहेबांनी एक कप उचलून पाहिला. "चालतील. आश्रमात पाठवून द्या. चहा तर राहतो ना त्यात?"

"साहेब, तुमच्या नातवाला द्याल यातला?" फ्लॉरीने विचारलं.

"त्याला शाळेत मिळालाय."

"म्हणजे चांगला मिळालाय."

फ्लॉरी ओल्या हातांनी तशीच उभी राहिली.

"मी त्याच आश्रमात वाढले," ती म्हणाली. "मी लहान असताना म्हाताऱ्या राणीच्या राज्याला साठ वर्षं झाली, त्या उत्सवात आम्हालाही कप मिळाले होते. माझ्या राणीला एकच डोळा होता. गावातली पोरं विचारायची, काय गं, तुमची राणी काणी का? मला वाटायचं, आमच्यासाठी तशीच छापतात."

हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. साहेबांनी कप खाली ठेवला. "भट्ट्या पुढच्या मालाने भरल्यात, फ्लॉरी. माणसंही मोकळी नाहीत."

"माणसांचं मी बघते."

"आणि भट्टीचं?"

भट्टीवाला एनॉक दारातच उभा होता. ती भट्टी जास्त तापल्यापासून तो कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता. "जागा मी काढतो," तो पुटपुटला. "बाकीच्या मालाच्या मधे मधे बसवीन."

"बसव बाबा," साहेब म्हणाले. "पण बाकीचा माल खोळंबता कामा नये."

त्या शनिवारी दुपारी सुट्टी झाली, तरी आमच्या खोलीतली एकही बाई घरी गेली नाही. कुणी पाव आणि चीज आणलं, कुणी चहाची किटली चढवली. माझा पत्रा झिजत आला होता, रेघा फिक्या उतरत होत्या.

"आर्थर, राणीच्या पापण्या कुठे गेल्या?" फ्लॉरीने कागद परत केला.

"पत्रा थकलाय गं."

"तू नाही ना थकलास? परत काढ."

मी परत काढला. तिने परत केलेला प्रत्येक कागद मी पुन्हा काढला. पाण्यातल्या सोड्याने तिची बोटं फुटली होती, तरी शेवटचा कप तिने पहिल्यासारखाच निगुतीने घासला.

भट्टी उघडली तेव्हा एनॉकने स्वतः कप बाहेर काढले. निळाई रेघेत राहिली होती. वॉर्डलसाहेबांनी त्यांतला एक खिडकीपाशी नेऊन पाहिला. "हे शाळांच्या कपांपेक्षा चांगले झालेत," ते म्हणाले आणि पेट्या पोचवायला स्वतःची मोटार दिली.

राज्याभिषेकाच्या दिवशी मी आश्रमात पेट्या उतरवायला गेलो. फ्लॉरी आली नाही. त्या फाटकातून आत जायला तिचे पाय उचलत नव्हते. एका लहान मुलीने कप घेतला, चोहीकडून फिरवला, उलटा करून बूडही पाहिलं. काहीतरी खोट शोधत असावी. ती सापडेना, तेव्हा तिने मला विचारलं, "चहा पिऊन झाला की परत द्यायचा का?"

"नाही गं. तुझाच आहे."

तिने तो दोन्ही हातांनी पोटाशी धरला.

संध्याकाळी मी हे फ्लॉरीला जाऊन सांगितलं. ती बोटांना चरबी चोळत बसली होती.

"बूडसुद्धा बघितलं म्हणतोस?" तिने विचारलं, आणि हसली.