चूर्म्याचा दुसरा भाग

सुरतेच्या दवाखान्याचं पाकीट मागच्या मंगळवारीच आलं होतं. वर नाव धुरपताचं, खाली 'मार्फत रूपराव, मु. वडनेर'. आष्टीपलीकडे जंगलातल्या तिच्या वस्तीवर पोस्टमन कधी जाई, कधी न जाई, म्हणून तिने मैत्रिणीच्या, जयवंताच्या, बापाचा पत्ता दिला होता.

पाकीट जयवंतानेच फोडलं. धुरपताची नेमणूक झाली होती. राहायला खोलीसुद्धा. वीस जूनपर्यंत हजर न झाल्यास जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. आणि पुढची मुलगी जयवंताच होती.

तिने पत्र सोमवारच्या पोथीत ठेवलं आणि पोथी देवापुढे.

दोघी वर्ध्याला नर्सिंगला एकाच खोलीत राहिल्या. मार्क जयवंताचे जास्त. जिल्ह्यात जागा चार, पास झालेल्या पोरी चाळीस. म्हणून तर तिने सोळा सोमवार धरले. नेमकी सुरतेच्या जागेची नागपुरातली मुलाखतही सोमवारी आली. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी दोघींना एकत्रच बसवून चहा-बिस्कीट पुढे केलं. "माझा उपास आहे," जयवंता म्हणाली आणि न विचारता गुरुवार, चतुर्थी, एकादशीही सांगून बसली. "मग बारा तासांच्या ड्यूटीत उभी कशी राहशील?" असं म्हणून बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. धुरपताने मात्र दोघींची बिस्किटं खाल्ली. गुजराती येते का विचारलं, तर म्हणाली, "नाई येत. पन दुखलं का कन्हनं तं साऱ्याईचं सारखंच असते."

बाई हसल्या. ते हसू जयवंताच्या छातीत अजून काट्यासारखं रुतून होतं. व्रत आपलं आणि देव पावला तिला!

आज अकरावा सोमवार, जूनची सोळा तारीख. दिवेलागणीला पूजा झाली. पोथी वाचताना पाकीट दोनदा मांडीवर घसरलं. चूर्म्याचे तीन भाग केले: एक देवाचा, एक दुसऱ्याचा, एक आपला. दुसऱ्याचा दिल्याशिवाय आपला तोंडात घालायचा नाही. वर्ध्याला तो भाग धुरपताचा असे. इथे शेजारची लीलाबाई घेई. घेणाऱ्याने नेहमीचा आशीर्वाद द्यायचा.

लीलाबाईने ओंजळ पुढे केली. "दे वं माय. तुह्या मनात जे हाय, ते होवो!"

जयवंताचा हात तिथेच थांबला. मनात जे होतं, ते महादेवापुढे उघडं पडल्यासारखं झालं.

"काऊन वं?" आई रुख्माबाई म्हणाली. "दे नं तिले."

"या भागाचं मानूस दुसरं हाय, आई."

"दिवसभराची उपाशी, अन् आता हे काय नवं काढलं? चक्कर येऊन पडशीन!"

जयवंता पाण्यावरच निजली. सकाळी दोन्ही भाग डब्यात घेऊन निघाली. तीन एसट्या बदलून, पुढचं पायी चालून वस्तीवर पोचली तेव्हा सूर्य माथ्यावर होता. धुरपता अंगणात कांजीतली पांढरी, नर्सिंगची साडी वाळत घालत होती.

"अवं बाई! जयवंता तू?"

जयवंताने आधी पत्र दिलं. धुरपताने ते दोनदा वाचलं, फाटक्या कडेवरून बोट फिरवलं.

"कधी आलं हे?"

"मंगळवारी."

"आज मंगळवार हाय."

"मागच्या."

धुरपताने पत्राची घडी करून कमरेला खोचली. डबा घेतला, आपला भाग सवयीने उचलून खाल्ला, बोटाचं तूप चाटलं. "तुह्या मनात जे हाय..." म्हणता म्हणता थांबली.

"काय हाय तुह्या मनात? आधी ते सांग."

"तू जाऊ नये." जयवंता म्हणाली. "अजूनबी तेच हाय."

"मंग 'ते होवो' नाई म्हनत मी," धुरपता म्हणाली आणि आत जाऊन पेटी काढू लागली. आतूनच ओरडली, "खाय आता, उपाशी मरशीन! अन् साडी वाळली का पाहाजो. उद्याच निघा लागते."

जयवंताने आपला भाग तोंडात टाकला. कालचा होता, कोरडा झाला होता, पण गोड होता. मग उठून ती साडीकडे गेली. कडक, पांढरीशुभ्र, सुरतेला निघालेली. ती काठाला काठ जुळवून घडी घालू लागली, आणि प्रत्येक घडीला तिला वाटत राहिलं, ही आपली असती तर.