दिवाळीपर्यंतचा नियम

“नियम घेताना मुदत आधी ठरवा, बाई, आणि ती आपल्या तोंडानं मोठ्यानं बोला. मनातल्या मनात घेतलेल्या नियमाला पाय फुटतात.”

माताजींचा हा आवाज श्रावणापासून गुणमालाच्या कानात बसला होता. सांगलीच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, त्या वर्षी या साध्वी आर्यिका माताजींचा चातुर्मास होता. गुणमालानं त्यांच्यासमोर, भरल्या मंडपात, मुदत ठरवून मोठ्यानं नियम घेतला होता. दिवाळीला भगवंतांच्या मोक्षदिनाचा निर्वाणलाडू चढेपर्यंत सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांबाहेर पाऊल टाकणार नाही. मंडपातल्या बायकांनी माना डोलावल्या. या वयात देशव्रत घेतलं, भाग्याची बाई, म्हणाल्या.

नियम खरा होता. तो घेण्यामागचं कारण मात्र देवाला सांगण्यासारखं नव्हतं.

तशी गुणमाला नियमांचीच बाई. पहाटे अंघोळ करून बस्तीत अभिषेकाला जायचं, दिवस मावळला की अन्न बंद, कांदा-बटाटा घरात नाही, आणि न गाळलेलं पाणी ओठाला नाही. साठीला आली आणि गुडघे धरले, तेव्हा डॉक्टरांनी गोळ्यांऐवजी पोहायला सांगितलं. तिचे यजमान अजितकुमार हळदीचे व्यापारी. ते म्हणाले, “औषधाला कसला आलाय संकोच? जा.” म्हणून ती विश्रामबागेतल्या घरून रिक्षानं महापालिकेच्या तलावावर जायला लागली. बायकांच्या वेळेत, गुडघ्याखाली येणारा पोहण्याचा पोशाख घालून, वरून टॉवेल लपेटून.

तलावाचं पाणी काही गाळलेलं नसतं. ते तोंडात जाऊ नये म्हणून ती उताणं पोहायला शिकली. तोंड वर आभाळाकडे, ओठ घट्ट मिटलेले, हात मागे. घरी आल्यावर पाण्यातल्या जिवांची क्षमा मागत एक माळ ओढायची. पण माळ ओढताना अंगातला गारवा उतरलेला नसायचा. बोटं मण्यांवर असायची आणि खांदे अजून पाण्यातच. आपल्याला हे औषध आवडतं, फार आवडतं, हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही.

तलावावरच तिला हरणाबाई भेटली. भिलवडीकडची, उसाच्या रानातली, फौजेतून निवृत्त झालेल्या सुभेदाराची बायको. विहिरीत पोहायला शिकलेली. एक दिवसाआड एसटीनं यायची आणि पाण्यात शिरली की बेडकासारखी सरळ पलीकडे. गुणमालाला ती अक्का म्हणायची.

“अक्का, तुमी उताण्या पडून देवाकडं बघत जाता,” ती म्हणायची, “आनि आमी पालथं पडून तळाकडं बघत येतो. दोगींचं मिळून सगळं बघून झालं!”

आषाढाच्या आधी साताऱ्याला प्रौढांची राज्य स्पर्धा झाली. तिथल्या दोघी आणि सांगलीच्या या दोघी, अशी चौघींची रिले. चौघींनी चार तऱ्हांनी पोहायचं, आणि पहिलीनं पाठीवर. त्या वयाच्या बायकांत उताणं पोहणारी दुसरी कुणी मिळेना, म्हणून सगळ्यांत आधी गुणमाला. त्या दिवशी हरणाबाई तिच्या डब्याभोवती पहारा करत बसली होती. “हात लावू नगा, अक्काचं सोवळ्याचं हाय,” असं ती स्पर्धेच्या साहेबांनाही सुनावून आली. चौघी दुसऱ्या आल्या. भोपाळच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी त्यांची नावं लागली.

परतीच्या एसटीत हरणाबाई पदक मुठीत धरून बसली होती.

“आमचं सुभेदार सगळा देश फिरून आलं,” ती खिडकीकडे बघत म्हणाली. “काश्मीर, आसाम, कुटं कुटं. मी उसाची सरी सोडली न्हाई. कराडच्या पल्याड आज पैल्यांदा गेलो. आता भोपाळ म्हंत्यात. मला एकलीला काय कुनी न्हेत न्हाई, माझं नाव हाय त्ये ह्या रिलेतच. अक्का, मधीच सोडायचं न्हाई बरं का.”

“नाही सोडणार,” गुणमाला म्हणाली आणि तिच्या मुठीवर हात ठेवला. “मी येईन.”

त्यानंतर दोनच दिवसांनी पेपरात फोटो आला. ‘वयाला हरवणाऱ्या जलपरी’. चौघी ओल्या, टोप्या घातलेल्या, हसणाऱ्या. टॉवेल कुणाच्याच अंगावर नव्हता. बस्तीच्या पायरीवर शालूबाईंनी तिला गाठलं.

“गुणाकाकू, पेपरात आलात की! टोपीमुळं मी ओळखलंच नव्हतं हो. आमच्या ह्यांनी ओळखलं. दोनदा बघितला त्यांनी फोटो.”

दोघी-तिघी पदराआड हसल्या. गुणमालाच्या हातातलं अक्षतांचं ताट तिरपं झालं. त्या दिवशी देवासमोर उभं राहतानाही तिला आपण अजून ओल्याच आहोत असं वाटत राहिलं.

मग श्रावणात माताजींनी विचारलं, कोण काय नियम घेणार, आणि कुणी उभं राहायच्या आत गुणमाला उभी राहिली. भोपाळ दोन जिल्ह्यांच्या बाहेर. बस्, झालं. कुणाला काही सांगायला नको. देवाचं नाव पुढं केलं की मागं काय लपलंय ते कोण बघतं?

एक अडचण मात्र राहिली होती. नियम दिवाळीपर्यंत, आणि स्पर्धेची तारीख मागाहून कळली ती दिवाळीनंतरची. गुणमालानं हरणाबाईला फोन केला आणि सांगितलं, नियम पुढच्या चातुर्मासापर्यंत आहे. आयुष्यभर पाणी गाळून प्यायलेल्या तोंडातून ते वाक्य सरळ बाहेर पडलं, कुठं अडखळलंही नाही.

हरणाबाई म्हणाली, “देवाचं हाय व्हय? मग आमी कोन बोलनार, अक्का. देव आदी. भोपाळ काय पळून जातंय?”

चिडली असती, चार शब्द बोलली असती, तर गुणमालाला जेवण तरी गेलं असतं. तलावावर जाणं तिनं बंद केलं. गुडघे परत दुखायला लागले आणि त्या दुखण्याचं तिला बरंच वाटलं.

भाद्रपदात दहा दिवसांचं दशलक्षण पर्व लागलं. एके दिवशी दुपारचं प्रवचन संपलं, बायका उठायच्या बेतात होत्या, आणि दारातून हरणाबाई आत आली. नवं इरकली लुगडं, हातात नारळ. चपला तिनं पार रस्त्यावरच काढून ठेवल्या होत्या. गुणमाला खांबापाशी बसली होती. तिला पाहून हरणाबाई ओळखीचं हसली आणि सरळ माताजींसमोर जाऊन गुडघ्यांवर बसली.

“माताजी, मी काय तुमच्या धर्मातली न्हाई. चुकलं तर पदरात घ्या,” ती म्हणाली. मंडपात सगळ्यांना ऐकू येईल असाच तिचा आवाज. “आमच्या ह्या अक्काला नेमातनं आठ दिसांची सुट्टी द्या की. भोपाळला जायाचं हाय. त्या न्हाई आल्या तर आमी तिगी बी बसलो घरात. त्यांचा नेम मोडून पाप लागत आसंल तर त्ये माझ्यावर घाला. बदल्यात तुमी म्हनशीला त्यो नेम मी धरतो. रातचं जेवान सोडतो. कांदा सोडतो. आमच्यात कांदा सोडायचा म्हंजे काय, तुमास्नी ठावं हाय.”

कुणीतरी हसलं. माताजी हसल्या नाहीत. त्यांनी मोरपिसांची पिंछी मांडीवरून बाजूला ठेवली.

“स्पर्धा कधी आहे, बाई?”

“दिवाळी झाली की, दुसऱ्या हप्त्यात.”

“मग सुट्टी कशाला? त्यांचा नियम दिवाळीच्या सकाळी पुरा होतो. लाडू चढला की त्या मोकळ्या.”

हरणाबाईनं मागं वळून गुणमालाकडं पाहिलं. गुणमालानं खाली पाहिलं. फरशीवर दोन तांदूळ पडले होते, तेवढेच तिला दिसत होते. कानशिलं अशी तापली की खांबाचा दगड गार लागायला लागला.

“आस्सं व्हय!” हरणाबाईचा आवाज आला. “मग माझीच कायतरी चूक झाली. फोनवर घोटाळा केला बगा मी. रानात आवाज नीट येत न्हाई.” तिनं नारळ माताजींसमोर ठेवला, डोकं टेकवलं, लुगडं सावरलं आणि निघून गेली.

शालूबाई शेजारणीच्या कानाला लागल्या. गुणमाला उठली, अनवाणीच तिच्या मागं धावली, आणि तिला गाठलं ते सिटी बसच्या थांब्यावर.

“हरणाबाई, थांबा. तुमची चूक नव्हती. मी…”

“ठावं हाय मला.” हरणाबाई बस येते का तिकडं बघत होती. “येवड्या बायकांत तुमाला उघडं पाडू व्हय?”

“मला लाज वाटली. तो फोटो आला, लोक बोलायला लागले…”

“मग तसं सांगायचं हुतं. अक्का, मला लाज वाटती, मी येत न्हाई. मी काय हासलो आसतो? माजी सासू फोटू बघून म्हनली, नातवंडं झाली आनि मांड्या दावत फिरती. मी बी रातभर रडलो. आपुन दोगी मिळून रडलो आसतो.” तिनं नाक पुसलं. “पर तुमी देव पुढं केला. आनि मी त्या खोट्याला हात जोडलं वं, अक्का. रोज. सांजवात लावताना म्हनत हुतो, देवा, आमच्या अक्काचा नेम पार पाड.”

बस आली. हरणाबाई चढली. खिडकीपाशी बसली, पण खिडकीतून बघितलं नाही.

गुणमाला बस्तीत परतली तेव्हा मंडप रिकामा झाला होता. माताजींसमोर बसून तिनं सगळं सांगितलं. फोटोचं, फोनचं, औषध म्हणून जाते असं म्हणत जो आनंद घेतला त्याचंही. सांगून झाल्यावर म्हणाली, “मला प्रायश्चित्त द्या. म्हणाल तर पोहणं कायमचं सोडते. पाण्यातले जीव…”

“थांबा,” माताजी म्हणाल्या. “आता पाण्यातल्या जिवांना पुढं करू नका. फोटो येईपर्यंत ते आठवत होते का?”

“माळ ओढत होते, माताजी.”

“आणि पोहायला जात होता.” माताजींचा आवाज चढलेला नव्हता. “पोहायला जा असं माझ्या तोंडून येणार नाही. मी साध्वी आहे. जाऊ नका असंही आज म्हणणार नाही, कारण ते ऐकून तुम्हाला सुटल्यासारखं वाटेल. खोटं बोललात, त्याबद्दल पर्व संपेपर्यंत एकवेळ जेवा. ते माझ्याकडचं झालं. त्या बाईला शब्द दिला होता का?”

“दिला होता.”

“मग त्याचं मला कशाला विचारता?”

गुणमालानं एकवेळ जेवायला सुरुवात केली. आणि पर्व संपल्यावर ती परत तलावावर गेली. शालूबाईंची सून तिथं पोहायला शिकत होती, तिनं बघितलं आणि मान फिरवली. गुणमालानं टॉवेल काढून कठड्यावर ठेवला. लाज गेली नव्हती. उलट आता एक नव्हे, दोन झाल्या होत्या: एक लोकांची, एक हरणाबाईची. पहिली सोसता येते हे दुसरीनंच तिला शिकवलं. पाण्यात उताणी पडली की कान बुडायचे, जग बंद व्हायचं, पण ‘हात जोडलं वं, अक्का’ एवढं ऐकू यायचंच. शेजारची पट्टी रिकामी असायची. हरणाबाई आता येत नव्हती, फोनही उचलत नव्हती.

अजितकुमारांना तिनं सगळं सांगितलं तेव्हा ते अडकित्त्याशी चाळा करत म्हणाले, “तो पेपर मी तीन ठिकाणांहून घेतला होता. दुकानात लावावा म्हटलं. मग दलाल येतात-जातात, काय म्हणतील, म्हणून कपाटात टाकला. मीही तसलाच. तुला काय सांगू?” थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, “लोकांचं बोलून झालंय, गुणा. आता जे राहिलंय ते तुझं.”

दिवाळीच्या पहाटे लाडू चढला. गुणमाला मोकळी झाली, नियमातून तरी. घरी येऊन तिनं पुन्हा भिलवडीला फोन लावला. या वेळी सुभेदारांनी उचलला.

“ती रानात हाय,” ते म्हणाले.

“त्यांना सांगा, मी सरावाला जातेय. जाण्याच्या दिवशी सकाळी तुमच्याकडे येते. संध्याकाळी साताऱ्याहून, तिथल्या दोघींबरोबर, भोपाळची गाडी आहे. हरणाबाई आल्या तर बरोबर जाऊ. नाही आल्या, तरी त्यांना एकदा तोंड दाखवून मग परत फिरेन.”

सुभेदारांनी लांबवर हाक मारलेली ऐकू आली. बऱ्याच वेळानं ते पुन्हा फोनवर आले.

“वहिनी, या म्हनाली न्हाई. येऊ नगा, आसं बी म्हनाली न्हाई.”

“बरं,” गुणमाला म्हणाली.

जायच्या दिवशी अभिषेक करून ती घरी आली. दशम्या बांधल्या, गाळून उकळलेलं पाणी भरलं, पिशवीत पोहण्याचा पोशाख आणि टोपी घातली. अजितकुमार रिक्षा बघायला खाली गेले होते. तिनं क्षणभर देव्हाऱ्यासमोर हात जोडले, काही मागितलं मात्र नाही. मागायला तोंड राहिलं नव्हतं.

स्टँडवर भिलवडीची गाडी लागलेली होती. गुणमालानं पिशवी खांद्यावर नीट घेतली, दाराची दांडी धरली आणि दुखऱ्या गुडघ्यानं पहिली पायरी चढली.