मास्टरांच्या गाडीतला पिवळा बल्ब

मित्रांनो, मी एक जुना बल्ब आहे. घरातला नव्हे हं, मोटारीच्या पुढच्या दिव्यातला. अंगठ्याएवढी काच, आत बारीकशी तार आणि उजेड पिवळा. पिवळा म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका. याच उजेडात एका घराने वर्षानुवर्षं वाट काढली आहे.

माझा जन्म कारखान्यातला. बोटाचा तेलकट डाग पडला की आमची काच तापून तडकू शकते. म्हणून तिथल्या बायका हातमोजे घालून आम्हाला अलगद उचलायच्या. एवढे लाड माझे पुन्हा कधी झाले नाहीत. मग एका गाडीच्या उजव्या दिव्यात मला बसवलं, डाव्यात माझ्या जोडीदाराला. दिव्यात आमच्या मागे वाटीसारखा आरसा असतो. तो आमच्या तारेच्या मापाने घडवलेला, म्हणून आमचा उजेड नेमका रस्त्यावर पडतो, भलतीकडे जात नाही. हे सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं रडगाणं त्याचंच आहे.

गाडी एका शिंप्याने घेतली. सगळे त्यांना मास्टर म्हणायचे. हॉस्पिटलचे, कारखान्यांचे गणवेश शिवून पोचवायचा त्यांचा धंदा. मागच्या सीटवर गठ्ठे आणि पुढे मास्टरांची अखंड बडबड. त्यांची एकुलती एक लेक हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला, तीही रात्रपाळीला. संध्याकाळी मास्टर माल टाकून घरी परतायचे, तेव्हा ती स्कूटरवरून कामावर निघालेली असायची. नाल्याजवळच्या वळणावर दोघांची गाठ पडायची. थांबायला वेळ कुणाला? मास्टर दोनदा डिपर मारायचे, म्हणजे माझा मोठा उजेड दोनदा उघडमीट करायचे. ती हॉर्न वाजवायची. झाली बाप-लेकीची भेट! खोटं कशाला सांगू, मला दिवसभर त्या वळणाची ओढ असायची.

पुढे मास्टरांना कमी दिसायला लागलं. पण कबूल करतील तर शपथ! सुईत दोरा जाईना, तेव्हा म्हणाले, "हल्लीचा दोराच फुसका येतो." दोरा बदलला. मग दुकानातली ट्यूब बदलली. मग चष्म्याची फ्रेम बदलली, काचा मात्र त्याच! लेक कधी गाडीत शेजारी बसली की तिचा एकच धोशा असायचा.

"बाबा, मोतीबिंदू असणार. एकदा डोळे दाखवून या ना."

"आणि शिंप्याला दिसत नाही अशी बोंब झाली म्हणजे? एक गिऱ्हाईक फिरकायचं नाही, बाळ."

आवाज चढा होता, पण घाबरलेला होता. मला त्यांची कीव यायची आणि संतापही यायचा.

शेवटी खापर माझ्यावर फुटलं. "गाडीचे दिवेच गेलेत. रस्ता नुसता धुरकट दिसतो," मास्टर म्हणाले. अहो, मी होतो तसाच होतो! धूर रस्त्यावर नव्हता, मास्टरांच्या डोळ्यांत होता. पण बल्बाचं ऐकतो कोण?

गॅरेजवाला तर टपूनच बसला होता. "मास्टर, एलईडी टाका. दिवस उगवेल बघा!" त्याने मला उघड्या बोटांनी उपटून काढलं आणि बॉनेटवर ठेवलं. माझ्या जागी पांढराशुभ्र एलईडी बसवला. मित्रांनो, एलईडीशी माझं वैर नाही. स्वतःच्या मापाच्या दिव्यात तोही गुणाचा असतो. पण हा आरसा माझ्या मापाचा. नव्याचा उजेड त्यात मावेना, तो वर, समोर, वाटेल तिकडे उधळला. गॅरेजवाल्याने गाडी भिंतीसमोर घेऊन दिवे लावले. सगळी भिंत पांढरीफटक! मास्टर गाडीत बसून वा वा करत होते. लेक भिंतीशी उभी होती. तिने पटकन डोळ्यांवर हात घेतला.

"अहो बाबा, समोरच्याला काही दिसणार नाही!"

"म्हणजे बघ, काय दिवे आहेत!" मास्टर म्हणाले आणि पोटभर हसले.

मला आणि माझ्या जोडीदाराला फडक्यात गुंडाळून डॅशबोर्डच्या खणात टाकलं, अडीनडीला असावेत म्हणून. त्यामुळे पुढचं मी पाहिलं नाही, फक्त ऐकलं.

संध्याकाळची वेळ होती. मास्टर रिकामी गाडी घेऊन गुणगुणत परतत होते. वळण आलं. "आली बघा माझी पोर," ते स्वतःशीच म्हणाले आणि त्यांनी दोनदा डिपर मारला. खणात मी कान टवकारले. हॉर्न आला नाही.

"आज घाईत दिसते," असं म्हणून मास्टर पुढे निघाले. त्या धुरकट डोळ्यांना समोर एक दिवा दिसला होता आणि मग दिसेनासा झाला. ती निघून गेली असंच त्यांना वाटलं.

घरी पोचले, गाडीचं दार उघडलं, तोच त्यांची बायको फोन हातात घेऊन धावत आली. "अहो, पोर नाल्यात पडली! स्कूटरसकट!"

"कुठे?" मास्टरांनी विचारलं.

"त्या वळणावर!"

मास्टरांनी खटकन गाडीचे दिवे बंद केले.

पोर वाचली, पण तिचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पोलिसांना तिने सांगितलं, "समोरून गाडी आली, डोळे दिपले. कुठली गाडी ते दिसलं नाही." हे मला कळलं ते तिची आई गाडीत बसून रडत रडत बहिणीला फोनवर सांगत होती तेव्हा. शेजारी मास्टर होते.

मग एके दिवशी मास्टरांनी स्वतःच बॉनेट उघडलं. चाचपडत एलईडी काढले आणि दगडाने ठेचले. आम्हाला परत जागेवर बसवलं. मला आनंद झाला असेल असं वाटतं तुम्हाला? छे. रडायची सोय नाही म्हणून जळत राहिलो.

लेक हॉस्पिटलमधून घरी आली ती तिन्हीसांजेला. आईचा हात धरून, कुबड्या टेकत ती गाडीसमोरून चालली होती. मी तिला वाट दाखवत होतो. ती थांबली.

"जुने बल्ब परत लावलेत, बाबा?"

"हो गं. नवे उडाले."

त्या रस्त्यावर दोनदा डिपर मारणारा माणूस एकच होता. तिला ते ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे मास्टरांनाही कळलं. ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली.

"उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ," ती म्हणाली. "आता तरी."

"जाऊ," मास्टर म्हणाले. मान वर केली नाही.

मित्रांनो, आमची काच पुसा, आम्हाला जपून हाताळा, एवढं मागायचा मला हक्क आहे. पण त्याहून मोठं मागणं हे, की दिसेनासं झालं तर ते वेळेवर बोलून दाखवा. लाजू नका, घाबरू नका, आणि दिव्यावर ढकलू नका. मास्टरांचं ऑपरेशन छान झालं. आता त्यांना सुईचं नाकं दिसतं, दोरा दिसतो, लांबून येणारी लेक दिसते. आणि तिच्याकडे त्यांना बघवत नाही.